पिंपातल्या अळ्या आणि बाटलीतलं तेल

गेल्या अंकात डासांच्या अळ्यांविषयी लिहिताना ‘सुगंधी तेलांबद्दल पुन्हा कधीतरी’ असं एक वाक्य टाकून मी सुटका करून घेतली होती. वाचकांनी ते वाक्य पकडलं. आलेल्या पत्रांत तेलांच्या नावांची अख्खी यादी आहे आणि बहुतेकांचा सूर एकच, ‘नैसर्गिक आहे, तर मग का नको?’

मी कोण, हे नव्या वाचकांसाठी सांगते. माझी नोकरी डास पाळण्यात गेली. ट्रेमध्ये अंडी उबवायची, अळ्यांना कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा आणि यीस्टची पूड चारायची, त्या एका मापाच्या झाल्या की ड्रॉपरनं एकेक उचलून पेल्यात सोडायची आणि त्यांच्यावर औषधं तपासायची. त्यामुळे या प्राण्याचा मला राग कमी येतो, ओळख मात्र भरपूर आहे. आता पत्रं.

प्रश्न : वापराच्या पाण्याचं २०० लिटरचं पिंप आहे. अळ्या दिसल्या म्हणून सिट्रोनेलाचं ‘शंभर टक्के शुद्ध’ तेल आणून दहा थेंब टाकले. घरभर वास सुटला, अळ्या मात्र मजेत आहेत. तेल भेसळीचं असेल का?

उत्तर : असेलही. पण अस्सल असतं तरी तुमच्या अळ्या जगल्याच असत्या. हिशेब मांडूनच बघा. ड्रॉपरच्या साधारण वीस ते तीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. तुमचे दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. वजनात ३५०-४०० मिलिग्रॅम धरा. ते २०० लिटर पाण्यात पसरलं की लिटरमागे जेमतेम २ मिलिग्रॅम उरतं. प्रयोगशाळेत जी वनस्पतींची तेलं अळ्यांवर चांगली ठरली आहेत, त्यांतल्या बहुतेकांना लिटरमागे १० ते १०० मिलिग्रॅम लागतात, आणि तेही निम्म्या अळ्या मारण्यासाठी. उरलेल्या निम्म्या तुम्हाला चावायला मोठ्या होणारच.

बरं, मधला आकडा घेऊ, लिटरमागे ५० मिलिग्रॅम. तुमच्या पिंपाला १० ग्रॅम तेल लागेल, म्हणजे अकरा मिलिलिटरच्या आसपास. एका पिंपात एक छोटी बाटली रिकामी, आणि त्याच पाण्यानं तुम्ही तोंड धुणार. तुलनेसाठी सांगते, टेमेफॉस हे रासायनिक अळीनाशक साठवणीच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. जिथे डासांनी त्याला दाद देणं सोडलेलं नाही, तिथे तेवढ्या मात्रेवर ते कित्येक आठवडे काम करतं. तेलाला विष म्हणून मोजायचं, तर ते फारच सौम्य विष आहे.

दुसरी अडचण मिसळण्याची. पेल्यातल्या चाचणीत आम्ही तेल आधी अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवून मग पाण्यात सोडतो. तुम्ही थेंब सरळ पिंपात टाकलेत. त्यातलं बरंचसं वर तवंग होऊन राहिलं. अळीला बाधतं ते मुख्यतः पाण्यात उतरलेलं तेल, आणि प्रत्येक घटक सारखा उतरत नाही. ओव्याच्या तेलातलं थायमॉल लिटरभर पाण्यात जवळपास एक ग्रॅम विरघळतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन दहा-एक मिलिग्रॅमवर थांबतं. उरलेलं तरंगतं आणि उडून जातं. तुमच्या घरभर जो वास सुटला ना, तो पिंपातून निघून चाललेल्या औषधाचाच होता.

खरी अडचण इथेच आहे. तेल अळी मारतं, यात वाद नाही. ते पाण्यात थांबत नाही. उघड्या, उबदार पाण्यात त्याचा जोर तासांत मोजावा, फार तर एक-दोन दिवस. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास मात्र उबदार हवेत आठवडा ते दहा दिवसांचा. आज निघालेली अळी मेली तरी परवा फुटणाऱ्या अंड्यासाठी पाण्यात काही शिल्लक नसतं.

आणि ती अंडी कुठे असतात? डेंग्यू पसरवणारी एडिस मादी पाण्यात अंडी घालत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, बारीक, शाईचे ठिपके वाटावेत अशी. कोरडी पडली तरी ती महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. तुमचं तेल त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा पिंप ओता, आतली भिंत काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं खरवडून घासा, विशेषतः पाण्याच्या रेषेचा पट्टा, आणि वर घट्ट विणीचं कापड ताणून बांधा. दर आठवड्याला. तेलाची बाटली दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

प्रश्न : एका व्हिडिओत संत्र्याचं तेल, भांडी घासायचा लिक्विड सोप आणि पाणी ढवळून डबक्यात ओतलेलं दाखवलं. थोड्याच वेळात अळ्या आणि कोष दोन्ही मेले. मी करून पाहिलं, खरंच मेले! मग तेल चालत नाही असं तुम्ही कसं म्हणता?

उत्तर : आता एकदा संत्र्याचं तेल वगळून करा.

अळी आणि कोष श्वास घ्यायला पृष्ठभागाशी येतात. एडिस आणि क्युलेक्सच्या अळीला शेपटाकडे श्वासनळी असते. तिच्या टोकानं ती पाण्याच्या पडद्याला लटकते, डोकं खाली. हिवतापाच्या अॅनॉफिलीसला अशी लांब नळी नाही, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. कोष छातीवरच्या दोन तुतारीसारख्या नळ्यांनी श्वास घेतो. या सगळ्यांना पाण्याच्या पृष्ठताणाचा आधार लागतो. साबण नेमका तो ताण मोडतो. आधार गेला की नळीत पाणी शिरतं आणि जीव बुडतो. कोषही मेले, हीच साबणाची खूण. कोष काही खात नाही, त्याचं कवच जाड असतं आणि पुष्कळ अळीनाशकं त्याच्यापुढे हात टेकतात.

तेव्हा व्हिडिओत काम साबणानं केलं, कौतुक संत्र्याचं झालं. साबणाचं काम मात्र कशानंही होतं, बेडूक आणि पाणकिडे मरण्यासकट. टाकाऊ टायरमध्ये साचलेल्या पाण्यात एकदा ओतलंत तर मी भांडायला येणार नाही. पण ते पाणी उपडं करायला त्याहून कमी वेळ लागतो.

प्रश्न : मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी ओवा, लवंग आणि निलगिरीच्या तेलाचा अळ्यांवरचा परिणाम बघतेय. तीन वाट्यांत दहा-दहा अळ्या घेतल्या, प्रत्येकीत पाच थेंब टाकले. तिन्हीकडे सगळ्या मेल्या. कुठलं तेल चांगलं, हे आता कसं ठरवू?

उत्तर : तू विचारलेला प्रश्न या पत्रांतला सगळ्यात चांगला आहे, म्हणून तुला जरा लांब उत्तर देते.

तिन्हीकडे सगळ्या मेल्या, म्हणजे मात्रा फार झाली. वाटीत दीडशे मिलिलिटर पाणी धरलं, तर पाच थेंबांनी ते लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं. एवढ्यात जवळजवळ कुठलंही सुगंधी तेल अळी मारतं. तेलांत फरक दिसतो तो मात्रा उतरवत नेल्यावर. एक तेल २० वर निम्म्या अळ्या मारतं, दुसऱ्याला त्यासाठी ८० लागतात, तेव्हा पहिलं जास्त जोरदार. निम्म्या अळ्या मारणारी ही मात्रा हाच आमच्या धंद्यातला गज.

हिशेब सोपा आहे. शिक्षकांसमोर, शाळेच्या प्रयोगशाळेत कर. १ ग्रॅम तेल अल्कोहोलमध्ये विरघळव आणि एकूण १०० मिलिलिटर कर. यातलं १ मिलिलिटर २०० मिलिलिटर पाण्यात टाकलंस की लिटरमागे ५० मिलिग्रॅमचं पाणी तयार. मूळ द्रावण निम्मं पातळ करून तेवढंच टाकलं की २५, पुन्हा निम्मं केलं की साडेबारा. थेंब मोजू नकोस. जाड तेलाचा थेंब मोठा, पातळ तेलाचा छोटा, आणि प्रत्येकाचा हात वेगळा.

अळ्या एका वयाच्या हव्यात. अळी चार टप्प्यांत वाढते, प्रत्येक टप्प्यावर कात टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तिसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या किंवा चौथ्याच्या सुरुवातीच्या अळ्या घेतात, एका पेल्यात २५, आणि एकेका मात्रेचे किमान चार पेले. पहिल्या टप्प्यातल्या पिल्लांवर तपासलंस तर तुझं तेल उगाच पहिलवान ठरेल. मोजणी २४ तासांनी. मेलेली कोणती? पेला हलक्या हातानं हलव, वरून हाताची सावली पाड. जिवंत अळी सावली पडताच सुळकन् खाली जाते. जी वळवळते, पण खाली बुडी मारू शकत नाही किंवा वर येऊ शकत नाही, ती मरायला टेकलेली; तिला मेलेल्यांत धर.

तुझ्या प्रयोगात नुसत्या पाण्याची वाटी नाही. ती हवी. शिवाय ‘पाणी आणि तेवढंच अल्कोहोल’ अशी दुसरीही हवी, नाहीतर मारलं कुणी, तेलानं की अल्कोहोलनं, हे कसं कळणार? त्या साध्या पेल्यांतही काही अळ्या आपोआप मरतात. शंभरात पाचापर्यंत मेल्या तर दुर्लक्ष कर. वीसच्या वर गेल्या तर प्रयोग फेकून दे, अळ्याच अशक्त होत्या. मधे असतील तर अॅबट यांचं १९२५ सालचं सूत्र वापर. समज, साध्या पाण्यात शंभरात १० मेल्या आणि तेलात ५५. पंचावन्नातून दहा वजा, पंचेचाळीस. त्याला शंभरातून दहा वजा करून आलेल्या नव्वदानं भाग. म्हणजे तेलानं खरोखर मारल्या त्या निम्म्या. शंभर वर्षं झाली, अजून याच सूत्रानं काम चालतं.

पेले काचेचे घे. प्लास्टिक तेल शोषतं आणि पाण्यातली मात्रा नकळत उतरते. थर्मोकोलचा पेला तर मुळीच नको. संत्र्याच्या सालीचं तेल थर्मोकोल चक्क विरघळवतं. (प्रदर्शनात हेही दाखव, गर्दी जमेल.)

लवंगेच्या वाटीत तेलाचे गोळे तळाशी बसलेले दिसले असतील. ते तेल पाण्यापेक्षा जड आहे, कारण त्यात मुख्य भरणा युजेनॉलचा. एडिसची अळी तळाशी चरत फिरते आणि त्या गोळ्यांना जाऊन भिडते. ओवा आणि निलगिरीचं तेल वर तरंगतं. म्हणून अल्कोहोलमधून न घातलेल्या तेलांची तुलनाच न्याय्य होत नाही.

निकाल मी सांगणार नाही. पण निलगिरी मागे पडेल, यावर पैज लावायला तयार आहे. तिच्यातल्या सिनिओल या मुख्य घटकापेक्षा ओव्यातलं थायमॉल अळीवर सहसा भारी पडतं.

वाट्यांवर जाळी बांध. प्रयोग संपल्यावर जिवंत-मेलेलं सगळं उकळत्या पाण्यानं मार, मगच ओत. डासांवरच्या प्रयोगातून डास उडून जाऊ देणं शोभत नाही.

प्रश्न : कडुलिंबाचं तेल का सुचवत नाही? तेही वनस्पतीचंच की.

उत्तर : वनस्पतीचं आहे, पण जात वेगळी. कागदावर एकीकडे निलगिरीच्या तेलाचा थेंब टाका, दुसरीकडे कडुलिंबाच्या तेलाचा. दुसऱ्या दिवशी निलगिरीचा डाग नाहीसा झालेला असेल, कडुलिंबाचा तेलकट डाग तसाच. पहिलं उडून जाणारं, वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेलं. दुसरं बियांतून पिळून काढलेलं, टिकणारं.

त्यांचं कामही वेगळं. सुगंधी तेलातले घटक अळीच्या त्वचेतून शिरतात आणि मज्जासंस्थेत गोंधळ घालतात. कीटकांच्या शरीरात ऑक्टोपामिन नावाचं एक संदेशवाहक रसायन असतं. काही घटक त्याच्या जागा अडवतात, काही मज्जातंतूंतलं अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम रोखतात. अळी तासाभरात झटके देऊ लागते. कडुलिंबातलं अॅझाडिराक्टिन सावकाश चालतं. ते कात टाकण्याच्या हार्मोनच्या व्यवस्थेतच विघ्न आणतं. अळी जगते, खाते, आणि पुढच्या टप्प्याशी अडकते. अर्धी कात अंगावर घेऊनच मरते. म्हणून २४ तासांनी मोजून ‘कडुलिंब निकामी’ म्हणणारे आणि तासाभरात मोजून ‘लवंग चमत्कारी’ म्हणणारे, दोघांचं घड्याळ चुकीचं लागलंय. अॅझाडिराक्टिन उन्हात लवकर मोडतं, हेही लक्षात ठेवा. सावलीतल्या साठ्यात ते जास्त टिकतं.

कुठल्याही टिकाऊ तेलाचा तवंग अळीचा श्वास कोंडतो, हा वेगळाच भाग. लेलँड हॉवर्ड या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं १८९२ मध्ये डबक्यावर रॉकेल टाकून हे तपासलं होतं, आणि पुढे जगभर नाल्यांवर तेल शिंपडण्याचे कार्यक्रम चालले. डास मेले, पाण्यातलं बाकीचंही पुष्कळ मेलं. कडुलिंबाचं तेल जाडसर ओतून तेच करायचं असेल, तर ते ‘नैसर्गिक’ का म्हणावं हा प्रश्नच आहे.

प्रश्न : कमळाच्या हौदात गप्पी मासे आहेत, तरी कडेच्या शेवाळात अळ्या दिसतात. लवंगेचं तेल घातलं तर माशांना मदत होईल का?

उत्तर : नका हो! मत्स्यपालनात माशांना गुंगी आणायला लवंगेचंच तेल वापरतात. लिटरमागे ४० ते ६० मिलिग्रॅमवर मासा आडवा होतो, जास्त वेळ ठेवला तर उठत नाही. आणि अळ्यांसाठी लागणारी मात्रा साधारण याच पट्ट्यात येते. तुमचे फुकटातले कामगार झोपतील आणि अळ्यांना मैदान मोकळं मिळेल. चतुराची पाण्यातली पिल्लं हीसुद्धा अळ्या खाणारी मंडळी; तेल त्यांनाही सोडत नाही.

कडेचं शेवाळ हातानं काढा. मासे तिथे पोहोचत नाहीत, एवढंच दुखणं आहे.

जाता जाता : लवंगेच्या तेलाची चाचणी असली की आमच्या खोलीत दिवसभर दाताच्या डॉक्टरांकडे बसल्यासारखं वाटायचं. तेही युजेनॉलच वापरतात.

प्रश्न : कुंड्यांखालच्या ताटल्यांत रोज सिट्रोनेला आणि दालचिनीचं तेल घालते. ताटल्यांत अळी नाही, पण डास तेवढेच. हे कसं?

उत्तर : तुमच्या ताटल्यांत कदाचित अळ्या मेल्याच नाहीत, कारण त्या झाल्याच नाहीत. अंडी घालायला आलेली मादी वासावरून पाणी पारखते. बऱ्याच सुगंधी तेलांचा वास तिला नकोसा होतो आणि ती पुढे जाते. पुढे म्हणजे शेजारच्या उघड्या बादलीत, छतावरच्या पन्हळीत, टाकून दिलेल्या डब्यात. एडिस मादीला तर एका वेळची अंडी चार ठिकाणी वाटून घालायची सवयच असते.

तेव्हा तुमच्या तेलानं डास फक्त दुसरीकडे पाठवले. ताटल्यांत वाळू भरा. ओलावा टिकतो, उघडं पाणी राहत नाही, तेलाचा खर्च वाचतो. मग आवाराचा एक फेरा मारा आणि ती मादी कुठे गेली ते शोधा. पन्हळीपासून सुरुवात करा, कारण तिथे कुणी बघत नाही.

प्रश्न : घरात मांजर आणि दोन वर्षांचं मूल. तेल घातलेलं पाणी चालेल का?

उत्तर : नाही. मांजराच्या यकृताला असे घटक मोडून बाहेर टाकणं नीट जमत नाही; टी-ट्रीच्या तेलानं मांजरं गंभीर आजारी पडतात. निलगिरीचं किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर थोडंसंही झटके आणू शकतं. बाटली कुलपात ठेवा. गिळलंच, तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक ठिकाणी नाहीच म्हणताय. मग जगभर या तेलांवर एवढं संशोधन कशासाठी चाललंय?

उत्तर : टोमणा पोहोचला. संशोधन फुकट नाही. टेमेफॉसला न जुमानणारे एडिस डास आज अनेक देशांत आहेत. एकाच रसायनावर वर्षानुवर्षं विसंबलं की असं होतं. सुगंधी तेलात एक नाही, पाच-पन्नास घटक असतात आणि ते वेगवेगळ्या जागी घाव घालतात. सगळ्यांना एकदम चुकवणं डासाला कठीण जाईल, ही त्यामागची आशा. शिवाय पाण्यातून ती लवकर नाहीशी होतात, हा घरच्या वापरातला दोष पर्यावरणाच्या बाजूनं गुण ठरतो.

म्हणून खटपट चाललीय ती तेलाला धरून ठेवण्याची. एक वाट म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून पाण्यात स्थिर राखणं. मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते. यीस्टच्या मेलेल्या पेशी घ्यायच्या, त्यांच्या पोकळ कवचात संत्र्याच्या सालीचं तेल भरायचं आणि ती पूड पाण्यात टाकायची. अळी यीस्ट आवडीनं खाते (मी वर्षानुवर्षं चारलंय, मला विचारा). कवच पोटात पचतं, तेल तिथे मोकळं होतं. पिंपभर पाणी सुगंधी करायची गरजच उरत नाही, आणि एवढ्याशा तेलात काम भागतं. जे अळीच्या पोटात गेलं पाहिजे, ते पाण्यात का ओतायचं, असा साधा विचार त्यामागे आहे.

गुणवत्तेची भानगड मात्र उरतेच. एकाच झाडाचं तेल जमीन, हंगाम, पानाचं वय आणि ऊर्ध्वपातनाचा वेळ यांवर बदलतं. एका खेपेत थायमॉल भरपूर, दुसऱ्या खेपेत निम्मं. कारखान्यातल्या रसायनाला हा प्रश्न नसतो. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि घटकांचं प्रमाण छापलेलं नसेल, तर आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसण्याची शक्यता मी धरते.

प्रश्न : लेमन युकॅलिप्टसचं औषध अंगाला लावतो. उरलेलं पाण्यात घातलं तर?

उत्तर : अंगाला लावायचं औषध उडत्या मादीला दूर ठेवतं, त्यातला कामाचा घटक पीएमडी. त्याच्या जोरावर अळीचा हिशेब होत नाही. पाण्यात नको. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तेही लावू नये.

प्रश्न : झाडाच्या ढोलीत आणि पायऱ्यांखालच्या जुन्या हौदात पाणी साठतं. उपसता येत नाही, झाकता येत नाही. इथे तरी तेल?

उत्तर : ढोलीत वाळू किंवा बारीक खडी भरा, प्रश्न मिटला.

हौदासाठी मी बीटीआय घेईन. हा मातीतला जिवाणू आहे, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात योएल मार्गालित यांना मिळाला. त्याच्या प्रथिनांचे स्फटिक अळी अन्नाबरोबर गिळते. तिच्या आतड्यातलं पाणी अल्कधर्मी असतं. तिथे स्फटिक विरघळतात आणि आतड्याला भोकं पडतात. माशांना, मांजरांना, माणसांना त्याची बाधा नाही. हेही ‘नैसर्गिक’च, फक्त त्याला वास नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ निघत नाहीत.

दोन गोष्टी सांभाळा. पाणी जितकं घाण आणि गाळाचं, तितका त्याचा असर कमी दिवस राहतो. वेष्टनावर दिलेल्या दिवसांवर डोळे झाकून न विसंबता आठवड्यानं पांढऱ्या वाडग्यात पाणी काढून बघा. पांढऱ्यावर अळी लगेच दिसते. दुसरी, कोष खात नाही, त्यामुळे बीटीआय त्याला लागू पडत नाही. स्वल्पविरामासारखे, डोकं मोठं असलेले जीव वाडग्यात आले, तर ते कोष आहेत आणि दोन-तीन दिवसांत उडणार आहेत. ते चहाच्या गाळणीनं काढून कोरड्या जमिनीवर टाका. गाळणी मग हौदापाशीच राहू द्या.